एकशे चाळीसच्या अलीकडे

प्रबंध गाळात रुतला की लोकांना माझी खोली आठवते. तळमजल्यावर, जुन्या एक्स-रेंच्या गोदामाला लागून. आमच्या रुग्णालयातला संख्याशास्त्र विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. डॉक्टर मंडळी येतात, आकड्यांचा गठ्ठा टेबलावर आपटतात आणि म्हणतात, "सर, यातून काहीतरी काढून द्या." जणू मी गारुडीच आहे. तीस वर्षं हेच ऐकून माझा स्वभाव तिरसट झाला आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

ही बाई मात्र पहिल्यांदा आली ती रिकाम्या हातानं. एमडी झालेली, पस्तिशीला टेकलेली, वॉर्डात नाव असलेली. "पीएचडी करायचीय. काम सुरू करायच्या आधी विचारायला आलेय," म्हणाली. मी खुर्चीतून पडायचाच बाकी राहिलो.

"डॉक्टर झालात ना? मग पुन्हा डॉक्टर कशाला व्हायचंय?" मी विचारलं.

"बाबाही हेच विचारतात," ती हसली. "सर, ओपीडीत रोज साठ माणसं तपासते. औषध लिहून देते. पण या माणसाला हे झालंच का, ते बघायला वेळच मिळत नाही. ते एकदा नीट बघायचंय."

तिचा प्रश्न साधा होता. रात्रपाळी करणाऱ्यांचं बीपी दिवसपाळीवाल्यांपेक्षा जास्त असतं का? माणसं आमच्याच रुग्णालयातली: पहारेकरी, स्वयंपाकघरातले, धोबीखान्यातले, लिफ्टवाले. एकूण चारशे. मोजायची पद्धत मीच ठरवून दिली. पाच मिनिटं गप्प बसवायचं, तीनदा मोजायचं, तिन्ही आकडे आले तसे लिहायचे. मी तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागलो आणि तिनंही ते मुकाट्यानं सोसलं.

तीन वर्षं ती सकाळी ओपीडी करायची आणि दुपारनंतर एका चिंचोळ्या खोलीत लोकांच्या दंडाला पट्टा बांधत बसायची. घरी वडील वाट बघत होते. तेही डॉक्टर, दोन खोल्यांचा दवाखाना चाळीस वर्षं चालवलेला. दृष्टी अधू झाल्यावर त्यांनी तो बंद केला, पण पाटी उतरवली नव्हती. लेक येऊन खुर्चीत बसेल तेव्हा बघू, असं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत असत.

प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले असताना तिनं सगळे आकडे माझ्याकडे आणून दिले. उत्तर निघालं होतं: दोन्ही पाळ्यांत फरक नाही. माझ्याकडे संगणक आहे, पण मी आलेख आधी हातानं काढतो. पेन्सिल चालवताना जे टोचतं, ते पडद्यावर सहज निसटून जातं. त्या दिवशी चांगलंच टोचलं. एकशे तीस ते एकशे एकोणचाळीसमध्ये माणसांची ही गर्दी, आणि एकशे चाळीसच्या पुढे, म्हणजे जिथून बीपी जास्त धरतात तिथून, जवळजवळ शुकशुकाट. थेट एकशे ऐंशीच्या आसपास पुन्हा दोन-चार जण.

मी तिला बोलावून घेतलं. कागद पुढे सरकवला.

"चारशे माणसांत एकाचंही बीपी एकशे बेचाळीस नाही? डॉक्टरीणबाई, माणसं मोजलीत की निवडलीत?"

तिनं आलेखावरून बोट फिरवलं. मग तिचा चेहरा उतरला. लबाडी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा मी पुष्कळदा पाहिलाय. हा तसा नव्हता.

"ज्यांचं जास्त यायचं, त्यांना मी पुन्हा बसवायचे," ती हळू आवाजात म्हणाली. "वाटायचं, घाबरलाय बिचारा. घरचं विचारायचे, दोन गोष्टी बोलायचे, मग पुन्हा मोजायचे. कमी आलं की तिथून पुढचे तीन आकडे लिहायचे. सर, आम्ही ओपीडीत असंच करतो. एका आकड्यावरून कुणाला आजारी ठरवायचं नाही. बाबांनी शिकवलंय मला हे."

"आणि ज्याचं कमी यायचं, त्याला कधी म्हणालात का, थांबा, तुमचं वाढतंय का बघू?"

"नाही," ती म्हणाली.

तिला आठवत होतं, रात्रपाळीवाल्यांचे आकडेच जास्त यायचे. म्हणून त्यांचेच जास्त वेळा खाली आणले गेले. फरक नव्हता असं नाही, तिच्या मायेनं तो पुसून टाकला होता. पहिले आकडे कुठेच लिहिलेले नव्हते.

ती गाईडकडे गेली. गाईड मोठा माणूस, मोठ्या माणसांना घाई असते. ते म्हणाले, "सगळे असंच मोजतात. परीक्षकांना काही कळणार नाही. देऊन टाक आणि मोकळी हो." मला राग आला, पण खोटं कशाला बोलू, मी तिच्या जागी असतो तर कदाचित देऊन टाकलं असतं. तीन वर्षं म्हणजे काही थट्टा नाही.

आठवडाभर ती दिसली नाही. मग एका सकाळी माझ्या आधीच खोलीबाहेर उभी होती. डोळे सुजलेले.

"बाबांना सगळं सांगितलं," म्हणाली. "आधी चिडले. म्हणाले, मी चाळीस वर्षं असंच मोजलं, माझी माणसं काय मेली का? मग जेवताना म्हणाले, मेली असतील तर मला कुठे कळलं असतं? आणि ताटावरून उठून गेले."

"मग आता?"

"पुन्हा मोजणार. जेवढे सापडतील तेवढे सगळे. बाबांना म्हटलं, अजून दीड वर्ष. पण एक मागणं आहे, सर. मी आकडा वाचेन, लिहायचं मात्र तुम्ही. माझ्या हातात पेन नको."

अशा रीतीनं अठ्ठावन्नाव्या वर्षी मी कारकून झालो. आठवड्यातले चार दिवस त्या चिंचोळ्या खोलीत, गुडघ्यावर वही घेऊन. ती आकडा मोठ्यानं वाचायची, मी लिहायचो. सुरुवातीला जास्त आकडा आला की तिचा हात आपोआप पट्ट्याकडे जायचा. मी खाकरायचो. मग ती हात मांडीवर घेऊन बसायची.

पुढे प्रबंध मान्य झाला. रात्रपाळीचा फरकही दिसला. ते सगळं छापलेलं आहे, ज्याला हवं त्यानं वाचावं. मला सांगायचंय ते धोबीखान्यातल्या इस्त्रीवाल्याचं.

पन्नाशीचा माणूस, हसतमुख, रात्रपाळीत पंधरा वर्षं काढलेली. पहिल्या फेरीच्या वहीत त्याच्यापुढे सरासरी एकशे अडतीस लिहिलेली होती. आता तीनदा मोजलं. एकशे अडुसष्ट, एकशे सत्तर, एकशे सहासष्ट. मी लिहिले. तिनं पट्टा सोडला, पण उठली नाही.

"जास्त आहे का, बाई?" त्यानं बाही खाली करत विचारलं.

"जास्त आहे. मागच्या वेळीही जास्तच होतं. मी तुम्हाला बसवून पुन्हा पुन्हा मोजलं आणि कमी आलं तेवढंच लिहिलं. ठीक आहात म्हणून सांगितलं."

त्याला हे नीट कळेना. "मुद्दाम?"

"मुद्दाम नाही. तुम्हाला उगाच घाबरवायचं नव्हतं."

त्यानं आपले तळहात उलगडून बघितले. इस्त्रीच्या वाफेनं ते कायम लाल असत.

"डोकं दुखायचं माझं," तो म्हणाला. "बायको मागेच लागली होती, दाखवून या म्हणून. मी तिला म्हटलं, खुद्द बाईंनी मोजलंय, तू कोण? अहो, घाबरलो असतो तर दाखवायला तरी गेलो असतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला वहीतून मान वर करवेना. तिनं सफाई दिली नाही, रडलीही नाही. उठली, त्याचा कागद घेतला आणि म्हणाली, "चला, आत्ताच औषध सुरू करू. मी येते तुमच्याबरोबर."

तो दाराशी थांबला. खिशातून फोन काढून त्यानं नंबर लावला आणि तिच्यापुढे धरला.

"बायकोला तुम्हीच सांगा. दोन वर्षं तुमच्या नावावर तिचं तोंड बंद केलंय मी."

तिनं फोन कानाला लावला. पलीकडून "हॅलो" आलं.

"मी डॉक्टर बोलतेय," ती म्हणाली. "तुमचं बरोबर होतं. चूक माझी होती."