शाळा सोडली त्या दुपारी

तिला सगळे तंद्री म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेलं, ती चार-पाच वर्षांची असताना. घास हातात धरून ती खिडकीबाहेर बघत बसायची आणि घास हातातच वाळून जायचा. "लागली हिची तंद्री," वडील म्हणायचे. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती शेहेचाळीस वर्षांची होती, रुग्णालयाच्या लाँड्रीत तिची सव्वीस वर्षं झाली होती, आणि खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुठे उरलं नव्हतं.

लाँड्रीत तिचं काम रुळांच्या पलीकडच्या बाजूला. मोठ्या इस्त्रीयंत्राचे दोन तापलेले रूळ, अलीकडून एकीने ओली चादर आत सरकवायची, पलीकडून तंद्रीने ती धरायची. चादर बाहेर यायची ती कोरी, गरम, किंचित फुगलेली, झोपेतून उठलेल्या मुलासारखी. कोपऱ्याला कोपरा, घडीवर घडी, आणि ढिगावर. वरच्या झरोक्यांतून ऊन यायचं, वाफेत शिरायचं आणि तिथेच रेंगाळायचं. दुपारच्या सुमाराला सगळी खोली दुधात बुडवल्यासारखी दिसायची.

अशा वेळी ती जायची. कुठे, ते तिला सांगता यायचं नाही. परत यायची तेव्हा शेजारी चाळीस चादरींचा ढीग, एकाही घडीत खोट नाही, आणि त्यातली एकही घडी घातल्याचं तिला आठवत नसे. मग या घड्या घातल्या कोणी, हा प्रश्न तिला पडायचा. आधी गंमत म्हणून पडला. पुढे पुढे तो पाठ सोडेना.

म्हणून, आठवीत सोडलेली शाळा पुरी करायची असं ठरवून ती मोठ्यांच्या संध्याकाळच्या माध्यमिक शाळेत गेली आणि नववीच्या अर्जावर ऐच्छिक विषयांची यादी बघितली, तेव्हा तिचं बोट एका ओळीवर थांबलं ते हललंच नाही.

"मानसशास्त्र?" खिडकीपलीकडच्या कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "टंकलेखन घ्या की. उपयोगी पडेल."

"मला हेच पाहिजे."

"अवघड आहे म्हणतात."

"असू दे."

लाँड्रीत ही बातमी दुपारच्या चहाला फुटली. धुलाईच्या यंत्रावरचे काका, ज्यांना त्याच्या आवाजामुळे ओरडून बोलायची सवय लागलेली, म्हणाले, "मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचा अभ्यास ना? मग एवढ्या लांब कशाला जातेस? आम्ही आहोत की इथे." सगळे हसले, तीही हसली. पण काकांनी दुसऱ्या दिवशी औषधकंपनीच्या जाहिरातीची एक जाड, कोरी वही कुठूनतरी पैदा करून तिच्या हातात ठेवली आणि यंत्राकडे निघून गेले.

वर्ग सुरू व्हायला तीन आठवडे होते. तेवढ्यात मानसशास्त्राच्या बाईंचं पत्र आलं, प्रत्येक विद्यार्थ्याला आलं होतं तसंच. वर्गात येण्याआधी एक काम करून या, असं त्यात होतं. वीस वर्षांपेक्षा जुनी, तुमच्या स्वतःच्या आयुष्यातली एक घटना निवडा. ती तुम्हाला जशी आठवते तशी आधी लिहून काढा. मग ती माहीत असलेल्या तीन माणसांना वेगवेगळं गाठून विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. शेवटची ओळ होती, 'वाद घालू नका', आणि तिच्याखाली दोन रेघा.

घटना निवडायला तिला क्षणभरही लागला नाही. शाळा सोडली ती दुपार.

ती दुपार तिला तळहातासारखी पाठ होती. आई जिन्यावरून पडून कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. धाकटा भाऊ सहा वर्षांचा. वडील दाराजवळच्या खुर्चीत बूट काढत बसलेले. ते पुलांना रंग देणाऱ्या टोळीत होते, गावोगाव फिरायचे, आणि त्यांच्या नखांच्या कडेला रुपेरी रंग बसलेला असायचा, तो कधी निघायचा नाही. त्यांनी डावा बूट काढला, मग उजवा, आणि मान वर न करता म्हणाले, "पुरे झाली आता शाळा." मग उठून तिचं निळं दप्तर कपाटावर टाकलं. भिंतीवर पिवळं ऊन होतं. तिने हे सगळं पाऊण पानात लिहिलं, एकही शब्द न खोडता.

एक गोष्ट तिने लिहिली नाही, कारण ती घटनेत बसत नव्हती. त्या दुपारनंतर ती वडिलांशी भांडली नाही, पण त्यांच्याजवळ बसलीही नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात तिने त्यांचे कपडे धुतले, नखं कापली, औषधं वेळच्या वेळी दिली, सगळं उभ्या उभ्या. "टेक की जरा," ते म्हणायचे. "काम पडलंय," ती म्हणायची. असे सात महिने गेले, आणि मग ते गेले. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

तीन माणसांतली पहिली आई. आई तिच्याजवळच राहायची, पंच्याहत्तरी उलटलेली, कानाने तिखट. रविवारी सकाळी ती मटार सोलत बसलेली असताना तंद्री समोर वही घेऊन बसली.

"आई, मी शाळा सोडली तो दिवस सांग."

"आता कशाला ते?"

"शाळेचा अभ्यास आहे."

"शाळा सोडल्याचा अभ्यास शाळेत?" आईने एक शेंग फोडली. "सोडलीस, एवढंच. स्टूल घेतलंस, त्यावर चढलीस आणि दप्तर कपाटावर ठेवलंस. मी पलंगावरून बघत होते."

तंद्रीचं पेन थांबलं. "मी ठेवलं?"

"मग काय मी ठेवणार, मोडक्या कंबरेने?"

"बाबांनी ठेवलं."

"बाबा कुठे होते तेव्हा? नदीवरच्या मोठ्या पुलाचं काम चाललेलं. महिन्याने आले. आले तेव्हा तू पोळपाटापाशी."

तंद्रीच्या जिभेवर आलेलं तिने गिळलं. वाद घालायचा नव्हता. तिने मान खाली घातली आणि लिहीत राहिली, अक्षर मात्र ओळ सोडून चाललं.

आई बराच वेळ मटार सोलत होती. मग वाडग्यातच बघत म्हणाली, "तू विचारलंस मला. 'मी घरी राहू का?' असं. नको म्हणायला हवं होतं. पण मला उठून पाणीसुद्धा घेता येत नव्हतं गं. मी गप्प बसले. हे लिहू नकोस."

"बरं," तंद्री म्हणाली. आणि जे लिहून झालं होतं ते तिने तसंच ठेवलं.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला ती एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर गाठायला गेली. कामगारांची जेवणाची सुट्टी होती, तो उघड्या लिफ्टच्या उंबऱ्यावर डबा मांडीवर घेऊन बसलेला. ताई कामाच्या जागी आली म्हणजे आईचं काही झालं, असं वाटून तो डबा हातात धरूनच उठला. कारण कळलं तेव्हा त्याने डब्याचं झाकण लावलं.

"मला वाटलं नव्हतं तू कधी विचारशील," तो म्हणाला.

"का?"

"माझ्यामुळे सोडलीस ना."

तंद्रीने वही उघडली. वाद नाही, तिने स्वतःला बजावलं.

"मी पोट दुखतंय म्हणायचो. रोज सकाळी. दुखत नव्हतं काही. तू घरी राहिलीस की गोष्टी सांगायचीस, म्हणून. मग एक दिवस बाबा तुला म्हणाले, शाळेत जा, मी बघतो याचं. आणि तू म्हणालीस, तुम्ही बघणार आणि पूल कोण रंगवणार? मोठमोठ्याने बोलत होता दोघं. मी टेबलाखाली होतो."

"बाबा होते घरी?"

"होते म्हणजे? त्यांचे पाय दिसत होते मला. बूट घातलेले."

"कोण म्हणालं शाळा पुरे?"

"तू." त्याने नजर वर केली. चाळिशीकडे झुकलेला तो माणूस, कानशिलं पांढरी झालेली, त्या क्षणी तिला टेबलाखालून बघणाऱ्यासारखा दिसला. "ताई, मी कित्येकदा सांगणार होतो, पोटाचं. मग राहिलंच."

"गोष्टी कुठल्या सांगायचे मी?"

"ते नाही आठवत," तो म्हणाला. "आवाज आठवतो."

तिसरी मैत्रीण, वर्गात शेजारी बसणारी, आता टपाल कार्यालयाच्या खिडकीत तिकिटं विकायची. तिच्यावर तंद्रीची सगळी भिस्त होती. नातेवाईक नाही, कोणाची बाजू घ्यायचं कारण नाही. मैत्रिणीने तिचं सगळं ऐकून घेतलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "तू शाळा सोडली होतीस? मी सोडली ना आधी. आमची बदली झाली त्या वर्षी. मी तर म्हणायचे, तू शिकून कुठल्या कुठे गेली असशील." रांगेतल्या माणसाने खाकरून दाखवलं. तंद्रीने तेवढंच लिहून घेतलं आणि बाजूला झाली.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. चादरी येत होत्या, हात चालू होते, आणि वाफ दाटली की ती जायची. पण आता कुठे जाते ते तिला कळू लागलं होतं. त्याच खोलीत, त्याच दुपारी. भिंतीवरचं ऊन तसंच. कधी खुर्चीत वडील असायचे, कधी खुर्ची रिकामी, आणि पुलावर खूप उंचावर एक माणूस ब्रश घेऊन लोंबकळताना दिसायचा, इतका लहान की चेहरा ओळखू येऊ नये. कधी ती स्वतः स्टुलावर चढलेली असायची. तिच्या पायाला स्टुलाचा खडबडीतपणा लागायचा, आणि तो तिला खरा वाटायचा. पण मग तिच्या मनात यायचं, हा खडबडीतपणा आईने सांगितल्यावर आला की आधीपासून होता? एकदा तिने टेबलाखाली वाकून बघितलं. तिथे कोणी नव्हतं, फक्त हसण्याचा आवाज येत होता.

"अगं, धर," चादर सरकवणारी ओरडली. एक चादर रुळांतून निसटून फरशीवर गेली होती. सव्वीस वर्षांत पहिलीच.

वडिलांच्या नखांवरचा रुपेरी रंग मात्र जागचा हलला नाही. ती नखं तिने स्वतः कापलेली होती. शेवटी शेवटी काम सुटून वर्षं झाली तरी तो रंग तिथेच होता, आणि कापलेले तुकडे कागदावर पडायचे तेव्हा चमकायचे. त्यांचा हात तिच्या हातात होता म्हणजे त्या वेळी तरी ती बसली असणार. नखं उभ्याने कापता येत नाहीत. हे तिला लाँड्रीच्या दारात डबा धुताना सुचलं, आणि नळ वाहता ठेवून ती तशीच उभी राहिली. म्हणजे 'बसले नाही' हेही धड आठवत नव्हतं तर.

तिने काकांना विचारलं, "काका, तुम्हाला तुमचं लहानपण आठवतं?"

"आठवतं की," काका ओरडून म्हणाले. मग यंत्र बंद झालं आणि ते हळू आवाजात म्हणाले, "मी सांगतो तेवढं आठवतं. जे कधी कोणाला सांगितलं नाही, ते गेलं बहुतेक."

हेही तिने लिहून ठेवलं, बाईंनी सांगितलेल्या कामात बसत नव्हतं तरी.

वर्गाच्या पहिल्या संध्याकाळी ती अर्धा तास आधी पोचली. बाकं दिवसा येणाऱ्या मुलांच्या मापाची होती, गुडघे आत जाईनात. बाई तिच्या निम्म्या वयाच्या असाव्यात, केस घाईने बांधलेले, हाताला खडू. वर्गात अकरा जण. एक टॅक्सीवाले आजोबा, दोन परिचारिका, एक बेकरीवाला जो शेवटपर्यंत जांभया देत होता.

बाईंनी कागद गोळा केले. तंद्रीची नऊ पानं झाली होती. तिने ती पुढे जाऊन दिली आणि तिथेच थांबली.

"बाई, एक पान राहिलंय. वडिलांचं."

"ते काय म्हणाले?"

"ते नाहीत आता. पण ते काय म्हणाले असते ते लिहू का?"

बाईंनी विचार केला. "अंदाज लिहायचा तर अंदाज आहे असं वर लिहा."

तंद्री बाकावर परतली. तिने कोऱ्या पानावर 'बाबा' लिहिलं, शेजारी 'अंदाज'. तिने पुढच्या ओळीवर पेन टेकवलं. वडील बोलले, तिच्या मनात, पण प्रत्येक वेळी वेगळंच बोलले, आणि प्रत्येक वेळी त्यांचाच आवाज होता. शेवटी तिने एकच ओळ लिहिली: 'त्यांना कधी विचारलं नाही.' पान नेऊन दिलं.

बाईंनी ते वाचलं आणि इतरांच्या पानांत सरकवून ठेवलं. मग फळ्याकडे वळून त्यांनी माणसाच्या डोक्याची मोठी आकृती काढली, आत अक्रोडासारखी वळणं, आणि एका छोट्याशा भागाला बाण दाखवून त्याचं नाव लिहिलं. आठवणी साठवायला हा भाग लागतो, त्या म्हणाल्या, आकृती वहीत उतरवून घ्या. तंद्रीने काकांच्या वहीचं नवं पान उघडलं आणि पेन्सिल घेतली. तिने काढलेलं डोकं जरा लांबट झालं, भोपळ्यासारखं. शेजारच्या टॅक्सीवाल्या आजोबांनी वाकून बघितलं आणि आपला खोडरबर तिच्याकडे सरकवला. तिने ते पुसलं, कागदावर फुंकर घातली आणि मानेपासून पुन्हा सुरुवात केली.