धसकटातली पोरं

आमच्या गावात हॉकी खेळणारा पोरगा तयार झाला की नाही, हे माझा बाप ठरवायचा. मी 'बाप' रागानेच म्हणतेय. घरात आम्ही त्याला पपा म्हणायचो आणि अरेतुरेच करायचो. अंधेरीच्या पूर्वेला आमचं ख्रिस्ती गावठाण, तिथे आईबापाला अहो-जाहो करायची रीतच नव्हती. आता पपा नाही, आणि हे ऐकून रागावेल असंही कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसले.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. गावाभोवती सगळी भाताची शेतं. पावसाळ्यात शेती, आणि एकदा भात कापून झालं की त्याच शेतात हॉकी. पपा कारखान्यात फिटर होता, तरुणपणी स्वतः बरा खेळायचा. गुडघा गेल्यावर त्याने गावची पोरं शिकवायला घेतली. त्याची पद्धत जगावेगळी होती. नवी पोरं तो सपाट जमिनीवर खेळवायचाच नाही. भात कापल्यावर जे खुंट उरतात ना, धसकटं, त्यांत अनवाणी सोडायचा. चेंडू धसकटावर आपटून कुठेही उडणार, पायाला टोचणार, पोरं शिव्या घालणार. पपा बांधावर उभा राहून म्हणायचा, "चेंडू कुठे जाईल ते चेंडूला विचारू नको, जमिनीला विचार." वर्ष-दोन वर्षं असं खेळून ज्याची नजर आणि मनगट तयार झालं, त्याला तो बाजूच्या शेतात न्यायचा. ते शेत आम्ही बायका खळ्यासारखं चोपून, शेणाने सारवून गुळगुळीत करायचो. तिथे गावची मोठी टीम खेळायची. माझी कंबर आहे साक्षीला.

आणि त्याच्याही पुढची पायरी होती. मुंबईत एका मोठ्या कंपनीची टीम होती. तिच्यात घेतलं की नोकरी पक्की, चार वाजता सुट्टी आणि मैदानावर सराव, बूट कंपनीचे. दर वर्षी नाताळ झाला की त्या कंपनीचा एक साहेब गावात यायचा. गावच्या लहानमोठ्या सगळ्या पोरांचा सामना बघायचा, मग आमच्या ओट्यावर बसून फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, आणि मटण खायचा आणि पपाला विचारायचा, "यंदा कोण?" पपा ज्याचं नाव घेईल तो मुंबईला निवडीचा सामना खेळायला जायचा. पपाचा शब्द कधी खोटा पडला नाही. त्याने पाठवलेला एकही पोरगा परत आला नाही, मग गावाने त्याला डोक्यावर का घेऊ नये?

माझा धाकटा भाऊ या धसकटांतच वाढला. मी मोठी बहीण, तो मला बाय म्हणायचा, मी त्याला भाऊ. उंच, हडकुळा, बोलायला लाजरा. मधल्या फळीत उभा राहायचा आणि त्याच्या काठीपाशी गेला की चेंडूच गप्प व्हायचा, धडपड नाही, उडणं नाही. मला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण भाऊ खेळत असला की बाकीची पोरं नुसतीच पळताहेत असं वाटायचं, एवढं मलाही दिसत होतं.

पपाला तर पहिल्याच वर्षी दिसलं. मी चुलीपाशी मासे साफ करत होते, भाऊ विहिरीवर गेला होता. पपा आईला म्हणाला, "असं मनगट मी जन्मात बघितलं नाही. एवढी पोरं घडवली, पण हे वेगळंच आहे."

आई म्हणाली, "मग त्याला सांग ना."

"येडी का तू? डोक्यात हवा जाईल त्याच्या. आणि तूपण बाहेर बोलू नको."

हवा जाण्याची भीती खरी होती, पण खरं कारण दुसरंच. आदल्या रविवारी मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर देवळाच्या पायरीवर कोणीतरी सगळ्यांसमोर बोललं होतं, "शिकवणाऱ्याच्या घरचं पोर पहिलं जाणार, बघा तुम्ही." बोलणारा हसत बोलला होता आणि संध्याकाळपर्यंत विसरलाही असेल. पण आमचा पपा! त्याच्या छातीत तो काटा जो रुतला तो रुतलाच. त्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं, भाऊच्या बरोबरीची सगळी पोरं आधी जातील, माझा शेवटी. गावाने बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. पोराचं काय व्हायचं ते होवो, ह्याची इज्जत सारवलेल्या शेतासारखी लखलखीत राहिली पाहिजे.

त्या नाताळानंतर साहेब आला. सामना संपला, ओट्यावर ताटं वाढली. साहेब म्हणाला, "तो मधला पोरगा कोणाचा? त्याला द्या मला."

भाऊ तिथेच होता. साहेबाच्या हातावर पाणी घालत होता.

पपा म्हणाला, "माझाच आहे. पण कच्चा आहे अजून."

"कच्चा? मला तर वाटलं..."

"साहेब, तुमचे डोळे एक दिवस बघतात. मी रोज बघतो. कच्चा आहे."

साहेबाने मान डोलावली. पपाचा शब्द तो मोडणार कसा? शेजारच्या घरातला पोरगा गेला. चांगला होता, नाही म्हणत नाही. पण भाऊच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, आणि हे त्या पोराने स्वतः मला सांगितलं. जाताना तो भाऊला मिठी मारून रडला होता.

मी भाऊला गाठलं आणि चुलीपाशी जे ऐकलं होतं ते सगळं सांगून टाकलं. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "अरे, तो आईला असं असं म्हणाला, मी माझ्या कानांनी ऐकलंय." भाऊ हसला. म्हणाला, "बाय, तू बहीण आहेस, तू असंच म्हणणार. पपा हॉकीच्या बाबतीत खोटं बोलेल का?" आणि काठी उचलून परत धसकटांत गेला. पायाचे तळवे फाटेपर्यंत खेळला. कच्चा आहे म्हटल्यावर पिकायला नको?

मग पपाला धरलं. "त्याला सगळ्यांसमोर कच्चा म्हणालास, निदान घरात तरी खरं सांग." पपा म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं? एक वर्ष थांबला तर मरत नाही कोणी." आईने डोळे पुसले आणि भात वाढला.

दुसऱ्या वर्षी तेच. साहेबाने परत भाऊचं नाव काढलं, पपा परत म्हणाला, अजून कच्चा. त्या वर्षी माझा आतेभाऊ गेला. देवळाच्या पायरीवर पपाची वाहवा झाली, काय माणूस आहे, स्वतःचं पोर मागे ठेवून दुसऱ्यांची पुढे काढतो! पपा टोपी हातात घेऊन मान खाली घालून उभा होता आणि मनातून फुलला होता. मला त्या पायऱ्यांवरून एकेकाला ढकलून द्यावंसं वाटत होतं.

आणि घरात भाऊ बदलत होता. आधी चेंडू घेतला की तो स्वतः ठरवायचा काय करायचं. आता आधी बांधाकडे बघायचा. पपाच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघून मग काठी हलवायचा. घरातही तसंच. नवा सदरा घालू का, जत्रेला जाऊ का, सगळं विचारून. मोठी टीम त्याला बोलवायची तर म्हणायचा, नको, पपा पाठवेल तेव्हा येईन.

तिसऱ्या वर्षी साहेब म्हणाला, "हे माझं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मी नोकरीतून मोकळा, मग कंपनीचे नवे लोक आपले आपण निवडतील. आता तरी तुमचा मुलगा द्या."

बरोबरीचे, पाठवण्याजोगे सगळे गेले होते. पपाने एकदाची मान हलवली. "घ्या," म्हणाला. मी ओट्याच्या आत दाराशी उभी होते, आनंदाने किंचाळले. भाऊकडे बघितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक. तो पपाला हळूच म्हणाला, "नक्की ना? झालो ना मी तयार?" पपा म्हणाला, "झालास, झालास," पण नजर साहेबाच्या ताटावर. अजूनही त्या माणसाला पोराच्या तोंडावर चांगलं बोलता येईना.

निवडीच्या सामन्याला आम्ही सगळे मुंबईला गेलो. आम्ही तेव्हा शहरात जायचं तर 'मुंबईला जातो' असंच म्हणायचो. हिरवं, सपाट मैदान, पांढऱ्या रेघा. भाऊच्या पायात उसने बूट. चेंडू त्याच्याकडे आला, त्याने अडवला, झकास अडवला. आणि मग त्याने मान वर करून बाहेर उभ्या असलेल्या पपाकडे बघितलं. तेवढ्यात समोरच्याने चेंडू काढून नेला. परत आला, परत अडवला, परत बघितलं. पपा बाहेरून ओरडायला लागला, "मार! मार ना!" त्याने तर आणखीच वाट लागली. भाऊ प्रत्येक आरोळीला दचकून चेंडू मागे द्यायला लागला. मी आईचा हात इतका दाबला की तिची बांगडी पिचली.

सामना संपल्यावर साहेब पपापाशी आला. चांगला माणूस, त्यालाही वाईट वाटत होतं. म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी मी मागितला होता तो मुलगा हा नाही. हा मला विचारतोय, मारू का? अशाला टीममध्ये कसं घेऊ? तुम्ही म्हणत होता तेच बरोबर, कच्चा आहे." आणि पपाचा खांदा थोपटून गेला.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. अंगणात पोचल्यावर पपा खाली बसला आणि त्याने भाऊचे दोन्ही हात धरले. म्हणाला, "पोरा, तू पहिल्याच वर्षी तयार होतास. सगळ्यांत चांगला होतास. मी गावाला घाबरलो. मी खोटं बोललो रे."

भाऊने त्याला उठवलं, पाठीवरून हात फिरवला. "असू दे पपा. तू आधीपासून सांगत होतास, मलाच जमलं नाही. माझी समजूत काढू नको."

"समजूत नाही रे, खरं सांगतोय!"

"बरं," भाऊ म्हणाला, आणि त्याच्यासाठी पाणी आणायला गेला.

त्याने काठी परत धरली नाही. जोगेश्वरीकडे दगडाच्या खाणीवर कामाला लागला, लग्न केलं, पोरं झाली. पपाने शिकवणं सोडलं. पण त्याचं एकच चालू राहिलं, भेटेल त्याला सांगायचं, माझा पोरगा सगळ्यांत चांगला होता. पाववाल्याला सांगायचा, डॉक्टरला सांगायचा, माझ्या नवऱ्याला तर किती वेळा. भाऊ समोर असला की मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

पपाच्या शेवटच्या आजारपणात मी माहेरी राहिले होते. एका सकाळी भाऊ त्याला पेज भरवत होता आणि पपाने परत तेच सुरू केलं, तू पहिल्याच वर्षी तयार होतास. भाऊने त्याचं तोंड पुसलं आणि वाटी घेऊन माझ्याकडे बाहेर आला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता.

"बघ ना बाय," तो म्हणाला, "हॉकीबद्दल जन्मात कधी खोटं बोलला नाही हा माणूस. आणि माझ्यासाठी रोज बोलतोय."