तांदळाच्या डब्यातला चाकू

गेल्या रविवारी सकाळी माझ्या बायकोच्या मामांनी वसईतल्या त्यांच्या घरी, आजारपणानंतर पहिल्यांदा, खिशातला चाकू धारेच्या दगडावर टेकवला. बोथट पात्याचा एवढा राग असलेला दुसरा माणूस तालुक्यात नसेल.

कोणाकडेही गेले की मामा आधी स्वयंपाकघरात शिरायचे आणि सुरी अंगठ्याच्या नखावर टेकवायचे. ती घसरली, म्हणजे बोथट निघाली, की घरात कोणी आजारी असून कळवलं नाही, अशा नजरेने घरच्या बाईकडे बघायचे. दगड पिशवीत असायचाच. तो भिजवायचा, पात्याची पाठ काडेपेटीच्या दोन काड्यांच्या जाडीएवढी उचलायची आणि जोर न लावता घासायचं. "काम दगडाला करू द्यायचं, आपण नुसती सोबत करायची." माणिकपूरच्या आमच्या घरात टोमॅटो कधी चेपला गेला नाही, तो त्यांच्यामुळे. धार तपासायला ते वर्तमानपत्राचं पान उभं कापायचे. मी वार्ताहर, म्हणून पान माझी बातमी असलेलंच निवडायचे. "ह्यात कापण्यासारखं बरंच असतं, जावईबापू."

त्यांच्या पुतणीच्या लग्नात केक कापायला प्लॅस्टिकची सुरी आली, तेव्हा मामांनी स्वतःचा चाकू काढला. धारेवर शेवटचा हात फिरवण्यासाठी कमरेचा पट्टा सोडून खुर्चीला अडकवला, त्याचं दुसरं टोक नवरदेवाच्या हातात दिलं आणि एका हाताने पँट सावरत पातं चामड्यावर फिरवलं. बँड थांबला.

"अहो, पोरांना ताटकळत ठेवलंत!" मामी म्हणाल्या.

"जन्मभर एकत्र राहायचंय त्यांना. दोन मिनिटं थांबतील."

उन्हाळ्यात मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात परत आला, पण थरथर घेऊन. मामींनी चाकू लपवला. मामांनी एकदाही विचारलं नाही. फक्त रोज सकाळी दगड भिजवायचे आणि संध्याकाळी पुसून ठेवायचे. आमच्या घरी टोमॅटो चेपले जाऊ लागले.

रविवारी मामींना ते बघवेना. त्यांनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चाकू काढून समोर ठेवला.

"तिथे आहे, ते ठाऊक होतं मला," मामा म्हणाले.

"मग घेतला का नाहीत?"

"तांदळात लोखंड गंजत नाही. जागा बरोबर निवडलीस. माझाच हात तयार नव्हता."

मामींनी दगड टेबलावर दोन्ही हातांनी दाबून धरला. मामांनी उजव्या मनगटावर डावा हात ठेवला. पातं दोनदा घसरलं.

"बोट जाईल हं."

"कोणाचं?"

"कोणाचंही. हळू करा."

बराच वेळ फक्त घासण्याचा आवाज येत होता. मग मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचं पान त्यांच्यासमोर उभं धरलं. पातं वरून खाली आलं. मध्ये थोडं वाकडं गेलं, पण कागद फाटला नाही. माझी बातमी दोन तुकड्यांत जमिनीवर पडली.

मामी आत गेल्या आणि एक पिकलेला टोमॅटो घेऊन आल्या. मामांनी तो कापला. तो चेपला नाही.