लांब पल्ल्याची गाडी

पणदऱ्यात कुणाला बैल घ्यायचा असो की दुभती गाय, मानसिंगरावांना सोबत घेतल्याशिवाय माणूस बाजाराला निघायचा नाही. नुसते दात बघून यांचं भागायचं नाही. जनावर चालवून बघणार, चढावर ओझं ओढायला लावणार, आणि एवढं करून म्हणणार, "बघू. पुढच्या बाजारी येतो." विकणारा कपाळाला हात लावायचा. पण यांनी पसंत केलेलं जनावर कधी वाईट निघालं नाही, हे भावकीतले लोकसुद्धा मान्य करायचे, आणि भावकीनं मान्य करणं म्हणजे काय ते सांगायला नको. अशा माणसाची पारख आयुष्यात एकदाच चुकली. तीही बैलाची नाही, गाडीची.

घरात जुनी डिझेलची जीप होती. विजयमालाबाईंना त्या जीपचा धसकाच. त्यांना गाडी लागायची. माहेर सुप्याचं, म्हणजे काही लांब नाही, तरी तिथं पोचेपर्यंत बाई पदर तोंडाला लावून अर्धमेल्या व्हायच्या. लग्न झाल्यापासून हेच. जवळपास जायचं असलं की सरळ म्हणायच्या, "तुमी या गाडीनं, मी आपली चालत येते." लोक हसायचे, त्याही हसायच्या. पण किडन्या गेल्या आणि आठवड्यातनं तीनदा डायलिसिसला बारामती गाठणं आलं, तेव्हा ते हसणं संपलं. जाताना जीपचा त्रास, येताना डायलिसिसचा थकवा आणि वर जीपचा त्रास. बाई घरी उतरायच्या तेव्हा चेहऱ्यावर रक्त म्हणून नसायचं. नवी गाडी घ्यायची हे मानसिंगरावांनी तेव्हाच ठरवलं.

आता गाडी घ्यायची तर बारामतीच्या खेपांपुरती घ्यायची असती तर एवढा घोळ झालाच नसता. पण मानसिंगरावांच्या डोक्यात आणखी एक रस्ता होता, सावंतवाडीचा.

थोरली लेक राजलक्ष्मी सावंतवाडीला दिलेली. जावई तिकडं सरकारी नोकरीत. आणि मानसिंगरावांच्या घरची रीत अशी, की लेकीला लेकरू होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आजोबांनी पाळली, वडिलांनी पाळली, यांनीही पाळली. राजलक्ष्मीनं घर बांधलं, वास्तुशांत केली, तेव्हा दोघं गेली होती. विजयमालाबाईंनी घरनं बांधून नेलेली भाकरी जीपमध्ये बसून खाल्ली. राजलक्ष्मी खिडकीशी कोकमाच्या सरबताचा गिलास घेऊन उभी राहिली. आईनं गिलासाला नुसतं बोट लावलं आणि परत दिला. "पुढच्या बारीला पिईन बग, पोटभर," म्हणाली. पुढची बारी यायला वर्षांमागून वर्षं गेली. लेकीला लेकरूच होईना. दवाखाने झाले, नवस झाले. आणि शेवटी छकुली झाली, तेव्हा बाळंतपण पणदऱ्यातच झालं, लेक चार महिने राहून सासरी गेली, आणि तोवर आजीला डायलिसिस लागलेलं. रीत फिटली, तर बाईचे पाय बांधले गेले. काय म्हणावं या नशिबाला!

विजयमालाबाईंनी आयुष्यात नवऱ्याकडं काही मागितलं असेल तर हे एकच. "अवो, एकदा राजीच्या घरचं पानी पिऊन येऊ द्या मला. मग कायबी होऊंदे."

"तसलं वंगाळ बोलू नगंस," मानसिंगराव डाफरले, आणि दुसऱ्या दिवशी गाड्या बघायला निघाले.

शोरूममधल्या पोरानं तीन जाती समजावून सांगितल्या. एक निव्वळ विजेवर चालणारी. दुसरी हायब्रीड, तिला पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला छोटी बॅटरी, हळू चालली की बॅटरीवर, वेग घेतला की इंजिनावर, चार्जिंगची भानगडच नाही. तिसरी प्लग-इन हायब्रीड. घरी चार्ज करायची, बारामतीपर्यंत विजेवर हिंडायचं, आणि लांब जायचं झालं तर पेट्रोल आहेच.

"हीच दाव," मानसिंगराव खुर्चीतून उठलेच.

"आबा, ती आपल्याकडं न्हाय मिळत. फार बड्या लोकांच्या गाड्यांत असती."

म्हणजे लग्नाच्या बाजारातलीच गत झाली. जे स्थळ मनात भरावं ते नेमकं आपल्या आवाक्याबाहेरचं. राहिल्या दोन.

धाकटा मुलगा रणजित लोणी देवकरला कारखान्यात होता. त्याचं मत विजेच्या गाडीचं. तेवढ्यावर तो थांबला नाही, एका मित्राची विजेची गाडी मागून आणली आणि आईला त्यातनं डायलिसिसला नेलं. मानसिंगराव शेजारी बसले होते. परत येताना ती एवढी शांत चालली, की मागनं काही आवाज येईना म्हणून त्यांनी घाबरून वळून बघितलं. विजयमालाबाई झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, मान खिडकीला. गाडीत बसून झोपलेली बायको मानसिंगराव जन्मात पहिल्यांदा बघत होते.

"बगा आबा," रणजित हळूच म्हणाला, "हीच घ्या."

"आरं, पर सावंतवाडी?"

"वाटंत चार्जिंग हाय की. एकदा थांबायचं, चा प्यायचा, निघायचं."

"आन् तितलं बंद असलं तर? घाटात बॅटरी बसली तर आजारी बाईला घिऊन कुठं बसू मी, दगडावर?"

डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. शनिवारचं उरकून निघायचं आणि मंगळवारच्या आत माघारी यायचं, एवढीच काय ती फट. त्यात घोटाळा झाला तर बाईच्या जिवाशी गाठ. मानसिंगरावांचं म्हणणं अगदीच वेडं होतं असं नाही. पण ते ठरवीनात. ज्याच्या दारात नवी गाडी दिसेल त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे. दूध घालायला येणारा जोतीराम एक दिवस तोंडावर म्हणाला, "आबा, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. वैनी त्या जीपात मरायला लागल्यात आन् तुमी अजून दातच मोजताय!" ते त्यांना फार लागलं.

मग हायब्रीड गाडी चालवून बघायला विजयमालाबाईंनाच सोबत नेलं. बारामतीच्या गर्दीतनं हळूहळू फेरी झाली. गाडी सगळी बॅटरीवर. आवाज नाही, वास नाही.

"कसं वाटतंय?"

"ग्वाड चालतीया की. ह्यात मला कायबी हुईना."

"आन् रणजितनं आणलेली?"

"ती बी बरी. पर हीच घ्या. ही राजीकडं जाईल ना, न थांबता?"

"एका दमात," मानसिंगराव म्हणाले.

झालं. दारात हायब्रीड गाडी आली. विजयमालाबाईंनी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडी लिंबावरनं पुढं घेतली. शनिवारी पुढं लिंबू-मिरची बांधली. आणि तेव्हापासून बाईंना लिंबाचं खूळच लागलं. डायलिसिसला निघताना दर खेपेला परड्यातल्या लिंबोणीचं एक लिंबू तोडून बरोबर घ्यायचं.

"आगं, शनवारचं ठीक हाय. दर खेपंला कशापायी? गाडीला दिष्ट लागंल तवा लागंल, लिंबोणी मातुर बोडकी व्हईल."

"नवी गाडी हाय. लोकांची नजर वंगाळ आसती."

"तुज्याच नजरंत भरलीया ती. लोकांचं नाव कशाला!"

त्या हसायच्या आणि मागच्या सीटवर जाऊन आडव्या व्हायच्या, पदर तोंडावर. मानसिंगराव पुढं, डोळे रस्त्यावर. मागनं कधी कण्हणं ऐकू आलं तर वाटायचं, आजाराचंच असेल. नर्सनं सांगितलं होतं, डायलिसिसनंतर काहींना मळमळतं. आणि बाईला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कुठं काय? पाळण्यावाणी हाय गाडी."

सावंतवाडीला जायचं मात्र नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं तसं झालं. एका शनिवारी पिशव्या भरल्या, तर ताप भरला. पुढं हाताची डायलिसिसची नस बंद पडली, पुन्हा ऑपरेशन. मग डॉक्टर म्हणाले, थंडी जाऊ दे. राजलक्ष्मीच म्हणाली, मी येते छकुलीला घेऊन. आली, राहिली, गेली. निघताना आई म्हणाली, "तू आलीस त्ये बरंच केलंस, पर त्यात माजं यिणं भरत न्हाय. पानी तुज्याच घरचं प्याचं हाय."

उसाच्या तोडी चालू असताना, एका गुरुवारी, बारामतीतच विजयमालाबाई गेल्या. डायलिसिसला बसल्या होत्या, छातीत कळ आली, झालं. सकाळी गाडीतनं नेलेली बाई संध्याकाळी ॲम्ब्युलन्समधून घरी आली, आणि मानसिंगराव मागनं एकटे त्या गाडीतनं आले. कसे आले ते त्यांनाही सांगता येत नाही.

तेरावं झालं. लेक परत गेली. गाडी शेडमध्ये तशीच. रणजित विका म्हणाला. मानसिंगरावांनी किल्ली आपल्या खिशात ठेवली. पुढं सगळे विधी उरकल्यावर राजलक्ष्मीचा फोन आला, "आबा, तुमी तरी या." तेव्हा ते उठले. रणजितला सोबत येऊ दिलं नाही. गाडी सावंतवाडीला घेतली. म्हणाले होते तशी गेली, एका दमात. घाट कधी चढला, कधी उतरला कळलं नाही. मागची सीट रिकामी नसती, तर गाडी खरंच नावाजण्यासारखी होती.

दुपारी लेकीच्या दारात गाडी उभी राहिली. राजलक्ष्मी बापाच्या गळ्यात पडून रडली. तेवढ्यात छकुली उघड्या दारातनं मागच्या सीटवर चढली आणि पुढच्या सीटच्या मागच्या कप्प्यात हात घालून एक फडकं ओढून बाहेर आली. विजयमालाबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, गाठ मारलेला. मानसिंगरावांनी गाठ सोडली. आत लिंबं होती. वाळून टणक झालेली, काळपट, आणि प्रत्येकाच्या सालीला नखांच्या खुणा.

"ही तर दिष्टीची लिंबं," ते म्हणाले. "उतरून टाकायची सोडून हितं कशाला ठिवली हिनं?"

राजलक्ष्मीनं तोंडाला पदर लावला. "आबा, दिष्टीची न्हाईत ती. आई हुंगायची."

"म्हंजे?"

"ह्या गाडीनं तिला लागायचं, आबा. गाव सोडलं, इंजिन चालू झालं की पोटात ढवळायचं. जीपएवढं न्हाय, पर लागायचं. वकारी ईल म्हणून लिंबाला नख लावून नाकाशी धरायची. मला फोनवर सांगायची. मी म्हणलं, आबांना सांगते. तर मला छकुलीची शपथ घातली."

मानसिंगराव गाडीच्या पायरीवरच बसले. रणजितच्या मित्राच्या गाडीत झोपलेली बायको त्यांच्या डोळ्यांपुढं आली. ते थोडं उघडं तोंड, ती खिडकीला टेकलेली मान.

"मग मला म्हणाली का न्हाय ती? ती इजेची गाडी घ्या म्हणून? एका सबदानं म्हणाली असती तर..."

"तिला वाटायचं, इजेची घेतली तर माज्याकडं येणं रद्द हुईल. तुमी तिला घाटात न्यायला भ्याल. म्हणायची, बारामतीचं काय, रोजचंच मराण हाय. राजीकडं न्हेईल ती गाडी माजी."

आणि मानसिंगरावांनी तरी दुसरं काय केलं होतं? याच एका रस्त्यासाठी त्यांनी ही गाडी पसंत केली होती. दोघांनी एकमेकांसाठी एकच निवड केली, आणि ज्या रस्त्यावर बाईला आठवड्यातनं तीनदा जायचं होतं तो दोघांनीही मागं टाकला. सगळ्या गावाची जनावरं पारखणाऱ्या माणसाला आपल्या पाठीशी आडव्या झालेल्या बायकोचा चेहरा एकदा वळून बघावासा वाटला नाही. ते मोठ्यानं रडले. मुंबईहून त्यांचा भाऊ भेटायला आला तेव्हा नाही, चितेला अग्नी देताना नाही, इथं लेकीच्या अंगणात रडले. छकुली घाबरून आईला बिलगली.

राजलक्ष्मी आत गेली आणि तांब्याभर पाणी, गिलास घेऊन आली. तिनं गिलास भरून पुढं केला. मानसिंगरावांनी तो दोन्ही हातांनी धरला. मग एका घोटात संपवला, गिलास परत दिला आणि मागच्या सीटकडं बघत म्हणाले,

"तुज्या आईचं तेवढं ऱ्हायलं बग."