पिंपावरची घोषणा

ज्याच्याविरुद्ध तुम्ही पत्रक काढलं, त्याच्याच दुकानात बसून तुम्ही कधी लिंबू पिळलं आहे का? मी पिळलं आहे.

वडील मोर्च्यांतून पत्रकं आणायचे. माझी अक्षरओळख त्यांवरच झाली. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आधी पेनाकडे जातो, चौकशी मागून येते.

कोराडीच्या आमच्या कॉलनीतल्या बायकांनी बसथांब्यावरच्या पाणपोईसाठी स्टीलचं पिंप घेतलं. भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची आपली रीत मला पटत नाही. "नाव नको, विचार हवा," असं सांगून मी ज्याच्याकडून पिंप घेतलं त्या महाल भागातल्या भांड्यांच्या दुकानदाराकडूनच त्यावर मशीनने कोरून घेतलं: 'पाणी सर्वांचं आहे. रांग मोडणारा शोषक आहे.'

अक्षरं चकाकत राहावीत म्हणून मी ती रोज तारेने घासायची. काही आठवड्यांत 'शोषक' तांबूस झाला, मग अख्खी घोषणा. आतलं पाणी स्वच्छ होतं, पण लोक नळाला हात लावेनात.

नकली स्टीलला चुंबक चिकटतं, असं आमच्याकडे सगळे मानतात. मी फ्रिजवरचं चुंबक लावलं. ते चिकटलं नाही. चुंबकही व्यापाऱ्याला फितूर आहे असं ठरवून मी दुकानाच्या नावासकट 'हे स्टील की लूट?' असं पत्रक लिहिलं आणि शंभर झेरॉक्स बसमध्ये वाटल्या. मग पिंप आणि आई, दोघांना घेऊन महाल गाठला.

पत्रक माझ्याआधी पोचलं होतं.

"ताई, भाषा एकदम कडक आहे तुमची," दुकानदार म्हणाला. "पण सकाळपासून तीन गिऱ्हाईकं हे दाखवून परत गेली. बापानं लावलेली पाटी आहे ही." त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं. "घासता कायनं?"

"तारेनं."

"लोखंडाच्या?"

मी मान डोलावली. आई कसली गप्प बसते!

"रोज घासते, भाऊ! घरचा तवा घास म्हटलं, तर भाषण देते मले!"

तेव्हा त्याने समजावलं. स्टीलमधलं क्रोमियम हवेशी मिळून वर एक न दिसणारी साल धरतं. ओरखडा पडला तरी ती आपोआप पुन्हा येते. पण तारेचे कण खाचांत अडकले की गंजतात ते कण, आणि बदनाम होतं स्टील.

"अन् दुकानदार," तो म्हणाला. "चुंबकाचं सोडा. चांगल्या स्टीलच्याही काही प्रकाराले ते चिकटते."

त्याने समोरच्या रसवंतीतून लिंबं आणवली. मी फरशीवर बसून एकेक अक्षर लिंबाने आणि फडक्याने चोळू लागले.

"काहून वं, आता कुठं गेला तुझा मोर्चा?" आईने विचारलं.

एका गिऱ्हाइकाने वाकून पाहिलं. "या बाई काय करून राहिल्या?"

"पत्रक पुसून राहिल्या," दुकानदार म्हणाला.

दुपारपर्यंत 'शोषक' पुन्हा चकचकीत झाला. पिंप थांब्यावर परत गेलं, लोक पाणीही पिऊ लागले. पण बसमध्ये वाटलेल्या शंभर कागदांवर लिंबू चालत नाही, आणि त्या पाटीखालून गिऱ्हाईक अजून परत जातं.

म्हणून तुमच्याकडे ते पत्रक असेल, तर त्यावर जाड अक्षरांत लिहा: 'हे खोटं आहे, चूक लिहिणारीची होती.' मग ज्याच्याकडून मिळालं त्याच्या हातात परत द्या. आणि ओट्यावरची तारेची घासणी आजच स्टीलपासून दूर, लोखंडी तव्यापाशी नेऊन ठेवा.