बांधाच्या कोरड्या अंगाची पाखरं

माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं घर तलावाच्या बांधाखाली होतं. त्या गावात बांधाला दोन अंगं मानत, पाण्याचं अंग आणि कोरडं अंग. घर कोरड्या अंगाला, पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. गाव वर उंचवट्यावर. खाली एकटं हेच घर, कारण दाजींची जमीन तिथं होती. पाट दुसऱ्या बाजूनं काढलेला, त्यामुळे त्या जमिनीला तलावाचा थेंब मिळत नसे. पाण्याच्या एवढ्या जवळ राहून आक्का घागर घेऊन बांध चढायची, पलीकडे उतरायची आणि भरली घागर घेऊन तीच वाट परत करायची.

मी तेव्हा विट्याला एका भुसारी दुकानात हिशेब लिहीत होतो. लढाईची सालं होती, रॉकेल आणि साखर मापानं मिळे. सवड मिळाली की सायकल काढून आक्काकडे जायचं, आणि घरी उतरायच्या आधी बांधावर उभं राहून पाखरं मोजायची. दिवसभर पोती मोजून ही खोड लागली असावी. दिवाळीनंतर तलावावर परमुलखातली पाखरं उतरत. चक्रवाकाच्या जोड्या, बदकं, आणि हरभरा घाट्यात आला की करकोच्यांचे थवे. सगळी दक्षिणेच्या उथळ काठाला. उत्तरेला बांध, तिथं पाणी खोल, तिकडे साधा बगळासुद्धा उभा राहत नसे. शिमग्यापर्यंत ती निघून जात. हे दरसालचं होतं, त्यात चुकीला जागा नव्हती.

त्या साली पाऊस चांगला झाला होता. सांडव्यावरून पाणी वाहून गेलं होतं आणि संक्रांतीलाही तलाव जवळजवळ तुडुंब होता. संक्रांतीचा तिळगूळ घेऊन गेलो, तेव्हा दक्षिण काठाची मोजणी उरकून सायकलीकडे वळलो आणि कोरड्या अंगाला खाली पाहिलं, तर तिथं चार पाखरं उभी होती.

पांढरी, पंखांवर काळे पट्टे, निळसर लांब पाय. चोच पोतं शिवायच्या दाभणासारखी बारीक, पण टोक वर वळलेलं. ती मान खाली घालून चोच डावी-उजवीकडे फिरवत होती, जसं कुणी जमीन झाडतंय. इतक्या वर्षांत तलावावर असलं पाखरू मी पाहिलं नव्हतं. आणि ती पाण्यात उभी होती. जिथं पाणी असायला नको तिथं.

दाजी खालून हात हलवत होते. तोंडभर हसत होते. ते लष्करात नोकरी करून आलेले, बोलणं मोठ्यानं. “पाव्हणं, पाझर फुटला बगा आमच्या दारात.”

आमच्या भागात पाझर हा शब्द कुणी वाईट अर्थानं वापरत नाही. विहीर खणताना पाझर लागला की नारळ फुटतो. कठोर माणूस नरमला तर त्याला पाझर फुटला म्हणतात. पाण्याची भीती बाळगावी असं आमच्या पूर्वेच्या कोरड्या मुलखात कुणाच्या बापजाद्यांना कधी शिकवावं लागलं नाही. गावातल्या बायकांनी येऊन त्या पाण्याला हळदकुंकू वाहिलं होतं, खणानारळानं ओटी भरली होती. भावकीतल्या चौघांनी मिळून पायथ्याशी डबरं खोदून पाण्याचं तोंड मोठं करून दिलं होतं. पाणी स्वच्छ होतं. मी ओंजळभर प्यालो, गोड लागलं. आक्का म्हणाली, आता बांध चढायचं सुटलं. तिच्या डोक्यावरचे केस घागरीनं विरळ झाले होते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. मलाही आनंद झाला. नाही झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पुढच्या खेपेला ती दाभणचोची पाखरं अकरा होती. त्यांच्याबरोबर शेपटी हलवणारी लहान तुतवारंही आली होती. दाजींनी त्या ओलीवर कांदा लावला होता.

शिमगा झाला. दक्षिण काठ रिकामा झाला. करकोचे गेले, बदकं गेली. पाण्याच्या अंगाला बांधाचे दगड वरून पुरुषभर उघडे पडले होते, म्हणजे तलाव तेवढा उतरला होता. मी वळून खाली पाहिलं. कोरड्या अंगाला एकोणीस दाभणचोची होती. तुतवारं मी मोजली नाहीत. ही सगळी पाखरं केव्हाच उत्तरेला निघून जायला हवी होती, पण चिखल रोज नवा मिळत असल्यावर ती कशाला जातील? कांद्याचे दोन वाफे पाण्याखाली गेले होते.

मला पाखरांचं शास्त्र माहीत नाही. पण दुकानात एका पोत्यातला माल कमी झाला आणि त्याच पोत्याखाली सांडलेला ढीग वाढला, तर पोतं फाटलंय हे कळायला शास्त्र लागत नाही. वरचं पाणी उतरत होतं, तर खालचा पाझरही उतरायला हवा होता. तो वाढत होता.

जेवताना मी हे दाजींना सांगितलं. ते हसले. पाखरं मोजून कुणाचं पोट भरलंय का, मोजायला विट्याला शेंगा संपल्या काय, असं काहीबाही म्हणाले. मी म्हटलं, निदान त्या डबऱ्यात दगडगोटे भरून त्याचं तोंड आवळा. तेव्हा त्यांचं हसणं थांबलं.

“लक्षुमी चालत दारात आली,” ते म्हणाले. “तिच्या तोंडात माती घालू व्हय?”

जन्मभर कोरड्या रानात हात फोडून घेतलेल्या माणसाला पाणी बुजव म्हणून सांगणारा मी कोण, असं वाटलं. बांधावर एक चौकीदार असे, त्याला गाठलं. तो म्हणाला की त्यानं वर कळवलंय, पण साहेब फिरतीवर आहेत, आणि थोडी ओल सगळ्याच बांधांना असते. ते खरंही असेल.

निघताना आक्का बांधापर्यंत पोचवायला आली. दाजी मागे राहिले आहेत हे पाहून हळूच म्हणाली, “पहाटं दळाय बसती न्हवं मी, तर जातं थांबलं तरी घरघर थांबत न्हाई. भुईतनं येती.”

दाजींना सांगितलंस का, मी विचारलं. सांगितलं होतं. ते म्हणाले होते, पाण्याचा आवाज हाय, ऐकून घे, जन्मात कवा ऐकला न्हाईस.

पाडवा होऊन गेल्यावर मी पुन्हा गेलो. बांधावर सायकल टेकवली आणि खाली पाहिलं. एकही पाखरू नव्हतं. चिखल होता, पाणी पहिल्यापेक्षा जास्त होतं, पण पाखरू नव्हतं. टिटवीसुद्धा ओरडली नाही. पाखरं आपल्या मुलखाला गेली असतील, उशिरानं का होईना, असं मी स्वतःला सांगितलं आणि उतरलो. डबऱ्याशी गेलो तर कारण दिसलं. तळ ढवळल्यासारखा उसळत होता आणि पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. बांधाच्या उतारावर, डबऱ्याच्या वर, गवताचा एक पट्टा खचून खाली बसला होता.

मी घरातून तांब्या घेतला, त्या पाण्यानं भरला आणि दाजींच्या समोर उंबऱ्यावर ठेवला. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, जेवण होईस्तोवर असू द्या.

जेवलो. आक्कानं भाकरी वाढताना दोनदा तांब्याकडे पाहिलं. हात धुऊन दाजी उंबऱ्याशी बसले आणि तांब्यातलं पाणी हळूहळू अंगणात ओतू लागले. शेवटी तळाशी गाळ राहिला, बोटाच्या पेरापेक्षा जास्त. त्यांनी तो चिमटीत घेऊन चोळला. पिवळी माती होती. त्यांच्या रानाची माती काळी. पिवळी माती त्या शिवारात एकाच ठिकाणी होती, बांधाच्या पोटात. बांध घालताना त्यांच्या वडलांनीच ती बैलगाडीनं वाहिली होती.

त्यांनी ती माती परत तांब्यात टाकली. मग आत न पाहता म्हणाले, “आवराय घे. आदी जनावरं सोड.”

गावाला आणि चौकीदाराला सांगितलं, आणि त्याच दिवसात जे हलवता आलं ते आम्ही वरच्या माळावर नेलं. एका धनगराचं मेंढ्यांचं वाडगं रिकामं होतं, मेंढरं अजून घाटाखालून परतली नव्हती, तिथं जनावरं बांधली. भांडी, ज्वारीची कणगी मोडून पोत्यांत भरलेला दाणा, जातं. दाजी एकदा कौलं उतरवायला परत निघाले, तेव्हा आक्का त्यांच्या वाटेत उभी राहिली. ते माघारी फिरले.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर बांध गेला. आभाळात ढग नव्हता, वारा नव्हता. मोठा आवाज होईल असं मला वाटलं होतं. आधी नुसता उतार मधोमध बसला, जसं थकलेलं माणूस खाली बसतं. मग त्यातून पाणी आलं. आमच्या जागेवरून ते संथ दिसत होतं. घरापर्यंत पोचलं तेव्हा घर काही क्षण पाण्यात तसंच उभं राहिलं, आणि नंतर नव्हतं. गावातली माणसं उंचवट्यावर रांगेनं उभी होती. हळदकुंकू वाहिलेल्या बायकाही त्यांत होत्या.

माणूस गेलं नाही. रानावर मात्र वाळू आणि गोटे पसरले, ते आजही पुरते निघालेले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात करकोचे आले, रिकाम्या तलावावर दोन फेरे मारले आणि पुढे गेले. दाभणचोची मला पुन्हा दिसली नाहीत.

दाजींनी माळावर नवं घर बांधलं. विहीर खाली ओढ्याकाठी आहे, बांध चढून जावं लागायचं त्याच्यापेक्षाही लांब. परवा गेलो होतो, तेव्हा आक्का घागर उतरवताना वाटेविषयी कुरकुरली. आता वय झालं, म्हणाली. दाजी अंगणात दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“लांब हाय,” ते म्हणाले, “तेच बरं हाय.”