कण्याचं माप

"हात गेला गो माझा," आई बाहेर गॅलरीत शेजारच्या सुलूमावशींना सांगत होती. "इतकी वर्षं चिकटवलं, कधी वाकडं नाही गेलं. आता काय, वयच झालं म्हणायचं."

मी आत कॉम्प्युटरसमोर बसले होते. दार उघडंच होतं. मावशी म्हणाल्या, अगो, तुझा नुसता हात गेला, आमचे तर पायही गेले. दोघी हसल्या. आई जरा कमीच हसली. मी माऊस हलवत राहिले.

हे मी आजवर बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. मैत्रिणींना नाही, भावाला नाही. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे कुणाला काही वाटलंही नसेल. पण कमी बोलणं वेगळं. मी केलं ते वेगळं.

आमची खोली लालबागला. संपात बाबांची गिरणी सुटली ती सुटलीच. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. त्या दिवसांत आईने खोकी चिकटवायला घेतली. शर्टांची, बांगड्यांची, दिवाळीत मिठाईची. पुठ्ठा आणि कागद घरी यायचा, तयार खोकी बाहेर जायची. बोटाने खळ फिरवायची, कागद ओढून बसवायचा, मग चमच्याच्या पाठीने कड दाबायची. फुगा नाही, सुरकुती नाही. बाबा पुढे वॉचमन झाले, पण माझी इंग्रजी शाळा झाली ती या खोक्यांवर. शाळेत कुणी विचारलं तर मी सांगायचे, आई पॅकेजिंगमध्ये आहे. खोटं नव्हतं ते. खरं होतं का?

पुढे मी डिझाइन शिकले आणि दादरच्या एका गृहस्थांचं काम मिळालं. त्यांच्याकडे जुन्या व्हिडिओ गेमचा संग्रह होता. लहानपणची कार्ट्रिज — ती प्लॅस्टिकची चपटी, गेमच्या यंत्रात वरून खोचायची. खोकी केव्हाच फाटून गेलेली, काहींना तर कधी नव्हतीच. त्यांना प्रत्येक कार्ट्रिजसाठी नवं खोकं हवं होतं, फळीवर पुस्तकासारखं उभं राहणारं. अशा संग्रहात खोक्याचं तोंड कुणी बघत नाही. दिसतो तो कणा, खेळाचं नाव असलेली बोटभर रुंद बाजू. मी सुचवलं, सगळे कणे ओळीने लावले की त्यांच्यावरून एक समुद्र जावा आणि मधोमध एक जहाज. त्यांना फार आवडलं. मलाही — स्वतःचं काहीतरी पहिल्यांदाच आवडलं होतं.

कागद मी छापून आणले. चिकटवायला आईशिवाय कोण?

दुसऱ्याच खोक्याला ती थांबली. "हे बसत नाय गो," म्हणाली. "एका बाजूला धरलं तर दुसरीकडे कमी पडतं."

मी वळूनही पाहिलं नाही. मार्क दिलेत त्यांवर बसव, मी मोजलंय, एवढं म्हणाले. पुठ्ठ्यावर फिरणाऱ्या स्वतःच्या बोटांपेक्षा आईने माझ्या छापील रेघांवर भरवसा ठेवला. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीने मोजलंय म्हटल्यावर ते चुकेल कसं? जी काही तूट होती ती तिने दोन्हीकडे सारखी वाटून घेतली, प्रत्येक खोक्यात.

सगळी झाल्यावर मी ती कॉटवर ओळीने उभी केली. प्रत्येक कण्याच्या दोन्ही कडांना पुढच्यामागच्या चित्राची लाल रेघ डोकावत होती. समुद्राचे तुकडे झाले होते, जहाजाच्या चिंध्या. आणि मला त्याच क्षणी कळलं. मी कणा खोक्याच्या आतल्या मापाने काढला होता. पुठ्ठ्याची जाडी धरलीच नव्हती.

हे नीट लक्षात घ्या — मला कळलं होतं. ते गृहस्थ यायच्या आधी.

ते आले, वाकून बघत राहिले. रागावले नाहीत. इंग्रजीत विचारलं, चिकटवण्यात काही झालंय का? आणि मी, जिला दुकानात पिशवी मागायला जड जातं ती मी, चटकन म्हणाले — इंग्रजीतच म्हणाले — आईने चिकटवलंय, तिचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही.

आई चहाचा कप घेऊन तिथेच उभी होती. तिला इंग्रजी येत नाही. पण माणसं खोक्यांकडे बघतात आणि मग आपल्या हातांकडे, एवढं कळायला भाषा कशाला लागते?

ते गेल्यावर तिने विचारलं, "माझ्याकडून बिघडलं?"

तेव्हा तरी खरं सांगायचं? खोलीत आम्ही दोघीच होतो. माझ्यावर ओरडणारं कुणी नव्हतं. ती तर नक्कीच नव्हती.

मी म्हणाले, "थोडंसं."

पुढचं याहून वाईट आहे. मी गुपचूप माप सुधारलं, कागद पुन्हा छापले आणि खोकी परळच्या एका कारखान्यात दिली. ती अर्थातच बिनचूक आली. मी ती घरी आणायलाच नको होती. आईने ओळीने लावलेले कणे पाहिले, अख्ख्या जहाजावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बघ, किती सरळ बसवलंय. हात म्हणतात तो असा." तिच्या आवाजात मत्सराचा लवलेश नव्हता. त्या अनोळखी कारागिराचं तिला खरंच कौतुक वाटत होतं.

त्या महिन्यात तिने घरी येणारं काम बंद केलं. मिठाईवाल्याला सांगितलं, दुसरं कुणी बघा. त्याने दोनदा माणूस पाठवला. ती दोन्ही वेळा नाही म्हणाली. खळीचं पातेलं घासून वरच्या फळीवर गेलं. दुपारी ती नुसती बसायला लागली. बाबा तोवर गेले होते. मी काम करायचे, ती माझ्या पाठीकडे बघत बसायची. अशी वर्षं गेली. रोज सांगता आलं असतं. रोज.

यंदा उन्हाळ्यात डंकावरून मसाला कुटून आणला. आईने बरण्या भरल्या, पुसल्या, आणि कोणती तिखट कोणती बेताची हे लिहिलेल्या चिठ्ठ्या माझ्यापुढे धरल्या. "तूच लाव," म्हणाली. "माझ्याकडून वाकड्या जातील."

अगदी सहज म्हणाली. जशी एखादी बाई सांगते, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

मी चिठ्ठ्या घेतल्या. त्या खाली ठेवल्या.

"आई," मी म्हणाले, "त्या गेमच्या खोक्यांचं माप मी चुकवलं होतं. तू बरोबर चिकटवलं होतंस. मला तेव्हाच कळलं होतं."